सेइताचा अर्ज

आज एका जपानी चित्रपटाबद्दल बोलायचं कबूल केलं आहे, आणि बोलणार आहे. पण आधी एका पत्राची गोष्ट सांगतो. ते पत्र मी लिहिलं नसतं तर हा चित्रपट मीही चारचौघांसारखा डोळे पुसत पाहिला असता आणि सोडून दिला असता.

पंधराएक वर्षं झाली. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वय २३, एम.ए. झालेलं, एका खासगी क्लासमध्ये संध्याकाळी शिकवायचा. आई आधीच गेलेली, आणि दोन वर्षांपूर्वी वडील रस्त्यावरच्या अपघातात गेले. धाकटी बहीण १२ वर्षांची, दुसऱ्या जिल्ह्यात मामांकडे राहात होती. म्हणाला, ‘सर, मी कोर्टात अर्ज करतोय. छोटीचा ताबा मला मिळायला हवा. माझ्या चारित्र्याबद्दल एक पत्र द्या.’ मी दिलं. चांगलं दीड पान लिहिलं. बंधुप्रेम, त्याग, एक अ‍ॅरिस्टॉटलसुद्धा घातला. (हशा) दोन दिवसांनी पत्र परत आलं. त्याच्या वकीलबाईंनी वर पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘मुलगी शाळेतून साडेपाचला घरी येते. हा क्लासवरून किती वाजता येतो?’

मला राग आला. चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला वेळापत्रक विचारतात! पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे कधीतरी ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ पुन्हा पाहिला, तेव्हा कळलं की त्या बाईंनी पेन्सिलीने जे लिहिलं होतं, तोच या चित्रपटाचा विषय आहे.

इसाओ ताकाहाता या दिग्दर्शकाचा हा चित्रपट, १९८८ सालचा, स्टुडिओ घिबलीचा. ॲनिमेशन आहे म्हणून कुणी नातवंडांना दाखवायला घेऊन बसू नका. आकियुकी नोसाका या लेखकाच्या १९६७ सालच्या कथेवरून तो केलेला आहे. काळ १९४५चा, शहर कोबे. सेइता १४ वर्षांचा, त्याची बहीण सेत्सुको ४ वर्षांची. वडील नौदलात, युद्धावर. हवाई हल्ल्यात आई भाजून मरते. मग ही दोघं दूरच्या नात्यातल्या एका बाईकडे राहायला जातात. आपण तिला काकू म्हणू. काकूशी पटेनासं होतं, सेइता बहिणीला घेऊन एका तळ्याकाठच्या पडक्या खंदकात बिऱ्हाड थाटतो, आणि तिथे ती मुलगी उपासमारीने मरते. महिन्याभराने तोही रेल्वे स्टेशनच्या खांबाला टेकून मरतो. हे मी शेवट फोडतोय असं नाही. चित्रपट सुरूच होतो त्याच्या मृत्यूने. तो स्वतःच आपण कुठल्या रात्री मेलो ते सांगतो. त्यामुळे आपण जे पाहात असतो ते काय होणार म्हणून पाहात नाही. कुठे चुकलं, हे पाहात असतो. चौकशी चाललेली असते.

आणि चौकशीत पहिलं नाव येतं काकूचं. मी ज्यांच्या ज्यांच्याबरोबर हा चित्रपट पाहिला, ते सगळे काकूवर घसरले. ‘काय बाई आहे!’ आता जरा पुराव्याकडे बघा. सेइताने जमिनीत पुरून ठेवलेला घरचा शिधा उकरून काकूकडे आणून दिला होता, हे खरं. आईचे किमोनो विकून तांदूळ आला, तो काकूनेच विकायला सुचवला आणि त्यातला वाटाही तिने ठेवला, हेही खरं. कामावर जाणाऱ्या आपल्या मुलीला आणि भाडेकरूला ती घट्ट भात वाढते आणि या दोघांच्या वाडग्यात पातळ पेज. ते पाहून आपल्या घशाशी येतं. पण तिला बेघर पोरांना उंबऱ्याच्या आत घेताना कुणी सांगितलं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच असतं की हा धडधाकट मुलगा शाळेत जात नाही, कामाला जात नाही, दिवसभर लोळतो. बोलते ती टोचून. मराठी घरात अशा बायका आपण पाहिल्या आहेत. त्या वाढतात आणि वाढताना मोजतात. तुम्ही त्यांना दुष्ट म्हणून मोकळे होऊ शकता, पण त्यांनी वाढलेलं असतं.

आता किमोनोचा प्रसंग. काकू किमोनो घेऊन निघते तेव्हा सेत्सुको किंचाळून रडते. आईची वस्त्रं नेऊ नका म्हणते. सेइता तिला धरून ठेवतो. कारण तांदूळ हवा आहे. मला हा प्रसंग सगळ्या चित्रपटात मोलाचा वाटतो, कारण इथे सेइता एकदाच पालकासारखा वागतो. पालकाला असं वागावं लागतं. पोरीची इच्छा काय आणि पोरीचं हित काय, दोन्ही समोर असतात आणि एकाला धरून ठेवावं लागतं.

त्यानंतर तो असं वागत नाही. काकूचं बोलणं ऐकवत नाही म्हणून तो शेगडी विकत आणतो, वेगळी चूल मांडतो, आणि मग घरच सोडतो. आईचे बँकेतले पैसे आहेत त्याच्याकडे. इथे ताकाहाता आपल्याला फसवतो, आणि हे मी त्याचं मोठेपण म्हणून सांगतोय. खंदकातली पहिली रात्र इतकी सुंदर काढली आहे! मच्छरदाणीत काजवे सोडलेले, त्या उजेडात बहिणीचा चेहरा. कुणी टोचणारं नाही, कुणी मोजणारं नाही. आपणही मनात म्हणतो, बरं झालं, सुटली पोरं. सकाळी काजवे मेलेले असतात. ती चिमुरडी खड्डा करून ते पुरत असते आणि सांगते की आईही अशीच मेली, काकूने सांगितलं. भावाने इतके दिवस लपवून ठेवलेली गोष्ट, जिला आपण वाईट म्हणतो त्या बाईने त्या मुलीला सांगितलेली असते. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवसांत शिधा मिळायचा तो शेजारगटाच्या मार्फत. गटात नाव नाही तर शिधा नाही. एक शेतकरी सेइताला हे समजावून सांगतो. म्हणतो, जा, माफी माग, काकूकडे परत जा. सेइता जात नाही. मग तो चोरी करतो, पकडला जातो, पोलीस त्याला पाणी देऊन सोडून देतो. डॉक्टरकडे नेतो, डॉक्टर सांगतो हिला सकस आहार द्या. सेइता ओरडतो, आणू कुठून? बँकेत जातो, उरलेले पैसे काढतो. शेतकरी, पोलीस, डॉक्टर, बँकेतली माणसं, सगळी त्याच्याशी थोडंफार बोलतात. या सगळ्यांपैकी एकही माणूस एक साधा प्रश्न विचारत नाही: या मुलीचा पालक कोण? मी तीनदा चित्रपट पाहिला, मुद्दाम कान देऊन. कुणीही विचारत नाही.

ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचा असताना ओकायामाच्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेला होता. तरी तो सांगत राहिला की हा युद्धविरोधी चित्रपट नाही. समाजापासून तुटून दोघंच जगू पाहणाऱ्या भावंडांचं अपयश मला दाखवायचं होतं. लोकांनी ऐकलं नाही. मलाही आधी ते दिग्दर्शकी हट्टाचं बोलणं वाटलं होतं. आता वाटत नाही.

इथून मी कायद्याकडे वळतो. मी वकील नाही. कुणाच्या घरी असं प्रकरण असेल तर वकिलाकडे जा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथे मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे. मी कायदा वाचतो तो गद्य म्हणून. आणि १८९० सालचा पालक आणि पाल्य अधिनियम हे चांगलं, ठाम गद्य आहे. अजून चालू आहे. हिंदूंसाठी १९५६चा अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा त्याच्या जोडीला आला.

समजा, सेइताने अर्ज केला असता. आपल्याकडे, आपल्या कायद्याखाली. काय झालं असतं? तो १४ वर्षांचा, म्हणून अर्ज तिथेच संपला असता. पण कलम २१ नीट वाचा, फार गंमत आहे. गंमत म्हणजे रडू येण्यासारखी. अज्ञान व्यक्ती दुसऱ्या अज्ञानाची पालक होऊ शकत नाही असं ते म्हणतं, आणि अपवाद करतं: स्वतःची बायको किंवा स्वतःचं मूल असेल तर चालेल. एकत्र कुटुंबाच्या अज्ञान कर्त्यासाठीही आणखी एक सवलत आहे. म्हणजे १८९०च्या सरकारला १४ वर्षांचा नवरा आपल्या १० वर्षांच्या बायकोचा पालक म्हणून चालत होता. बहिणीचा नाही. नवरेपणाचा अधिकार वयाआधी, भावाची जबाबदारी वयानंतर. या एका वाक्यात त्या काळचं सगळं घर दिसतं.

बरं, तो १८ पूर्ण असता तर? तरीही १९५६च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून वडील आहेत, आई आहे. भाऊ नाही, बहीण नाही. मनुस्मृतीने वडिलांमागे थोरल्या भावाला बापाच्या जागी बसवलं होतं; आधुनिक कायद्याने तिथून उठवलं. मी म्हणेन, बरं केलं. आता थोरल्या भावाला न्यायालयात यावं लागतं, कुठल्याही नातेवाइकासारखं किंवा मित्रासारखं. हो, कायद्यात मित्रही अर्ज करू शकतो. अर्ज करायचा तो मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात, अर्जदाराच्या सोयीच्या गावी नव्हे. मी जबाबदारी घ्यायला तयार आहे असं सही करून लिहून द्यायचं, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या. मूल ज्याच्याकडे आहे त्या मामाला, काकाला नोटीस जाते. आणि मग न्यायालय बघतं ते मुलाचं हित: त्याचं वय, अर्जदाराचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, आईवडिलांची काही इच्छा होती का, या माणसाचे मुलाशी आजवर संबंध कसे होते. आणि मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर त्याची पसंती.

या यादीत प्रेम हा शब्द नाही. मी शोधला. सुरुवातीला मला ही कायद्याची कोरडी बाजू वाटली. पण विचार करा, प्रेम मोजायला गेलं तर सेइता पहिल्या नंबराने पास होतो, आणि त्याचीच बहीण मरते.

कांटने १७९७च्या ग्रंथात आईबापांबद्दल एक कठोर गोष्ट मांडली आहे. मुलाला न विचारता तुम्ही त्याला या जगात आणलंत, म्हणून त्याचं देणं तुमच्यावर लागतं. आईबापांची जबाबदारी अशी त्यांच्या स्वतःच्या कृतीतून निघते. आता भावाचं काय? त्याने कुणाला जगात आणलं नाही. तोही न विचारताच आणला गेलेला. मग त्याच्यावर देणं कुठून आलं? मला याचं पुस्तकी उत्तर सापडलं नाही. मला वाटतं, ते कुठूनही आलेलं नसतं, तो ते स्वतः उचलतो. आणि म्हणूनच ‘माझा तिच्यावर हक्क आहे’ हे वाक्य भावाच्या तोंडी बापाहूनही दुबळं ठरतं. उचललेल्या गोष्टीवर हक्क सांगता येत नाही. ती नीट धरली आहे का, एवढंच विचारता येतं. भाषेने आपला इथे घात केला आहे. ताबा! जमिनीचा ताबा, फ्लॅटचा ताबा, ताबा पावती, आणि मुलीचा ताबा. कायद्यात पालक या शब्दाभोवती विश्वस्ताची कल्पना आहे. पाल्याच्या जिवावर त्याने फायदा करून घ्यायचा नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. पण कोर्टाच्या व्हरांड्यात सगळे ताब्याचंच बोलतात.

व्हरांड्यात आणखी एक गोष्ट बोलली जाते, ती पैशाची. आपला सातबारा पाहा. अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहिलेलं असतं, अज्ञान पालनकर्ता, आणि पुढे कुणाचं तरी नाव. त्या तीन अक्षरांत किती काका-मामा श्रीमंत झाले आणि किती काका-मामा फुकट बदनाम झाले, दोन्हींची गणती नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात वडिलांच्या अपघाताची नुकसानभरपाई होती. मुलीचा हिस्सा न्यायाधिकरणाने मुदत ठेवीत ठेवायला लावला होता, ती सज्ञान होईपर्यंत. म्हणजे कुणालाच तो सहज हाती लागणार नव्हता. तरी मामाला वाटायचं भाचा पैशासाठी येतोय, आणि भाच्याला वाटायचं मामा पैशासाठी धरून बसलाय. किमोनो आणि तांदूळ.

न्यायालयंही इथे अडखळतात. कोविडच्या दुसऱ्या लाटेत गुजरातमध्ये एका लहान मुलाचे आई-वडील महिन्याभराच्या अंतराने गेले. मावशीने ताबा मागितला, आजी-आजोबांनीही मागितला. उच्च न्यायालयाने मावशीकडे दिला: तिचं वय कमी, सरकारी नोकरी, एकत्र कुटुंब. जून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून आजी-आजोबांकडे दिला. उत्पन्न, वय, मोठं कुटुंब एवढ्यावरच पारडं झुकवता येणार नाही, असं म्हटलं. इथवर मला पटतं. पण पुढे आपल्या समाजात आजी-आजोबा नातवंडांची काळजी अधिक चांगली घेतात, अशा अर्थाचं सर्वसाधारण विधान येतं, आणि मी थबकतो. मी स्वतः आजोबा आहे. सगळे आजोबा तसे असते तर मला आनंदच झाला असता. (हशा) समोर एक मूल असताना ‘समाजात असं असतं’ हे कारण म्हणून पुरत नाही. या मुलाचं काय, एवढंच विचारायचं.

आता या चित्रपटाबद्दलची माझी तक्रार. नोसाकाने ही कथा लिहिली ती स्वतःच्या आयुष्यातून. त्याची धाकटी दत्तक बहीण खरोखरच युद्धानंतर उपासमारीने गेली. त्याने पुढे कबूल केलं की मी सेइताइतका चांगला नव्हतो. तिच्या तोंडचं मी खाल्लं. कथेतला भाऊ म्हणजे त्याला जसा व्हायचा होता तसा भाऊ. म्हणजे ही कथा एक प्रतिज्ञापत्र आहे, उशिरा दाखल केलेलं, आणि अर्जदार आणि आरोपी एकच. नोसाकाला मी नावं ठेवणार नाही. पण अशा कथेत बहिणीला काय उरतं? सेत्सुको हसते, रडते, भुकेजते, मातीचे भाताचे गोळे करून भावाला वाढते. खंदकात जाताना ती आनंदाने जाते, पण जायचं की नाही हे तिला कुणी विचारलेलं नसतं. चित्रपटाच्या शेवटी दोघांची भुतं टेकडीवरच्या बाकावर बसलेली असतात, खाली आजचं झगमगतं कोबे शहर, आणि ती भावाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली असते. मेल्यावरही त्याच्याच ताब्यात. तिने त्याला माफ केलं का, ते आपल्याला कळत नाही, कारण ताकाहाता तिला बोलू देत नाही.

आपल्याकडे आईबापावेगळी चार भावंडं सगळ्यांना ठाऊक आहेत. निवृत्तीनाथ थोरले, मुक्ताबाई धाकटी. ज्ञानदेव दार लावून बसले तेव्हा ताटीबाहेर कोण उभं राहिलं? धाकटी. थोरल्याला चार गोष्टी सुनावणारी ती होती. सेत्सुको ४ वर्षांची होती, मुक्ताबाई मोठी होती, तुलना ताणायची नाही मला. पण धाकट्याला बोलायला जागा असते, ही कल्पना आपल्या घरातली आहे. १८९०च्या साहेबाच्या कायद्यातही ती पसंतीच्या कलमात एका ओळीने आलीय. ती जास्त वेळा वापरली गेली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

माझ्या विद्यार्थ्याच्या बहिणीला न्यायाधीशांनी चेंबरमध्ये एकटीला बोलावलं. मामा बाहेर, दादा बाहेर. तिने सांगितलं, मला दादाकडे जायचंय, पण शिष्यवृत्तीची परीक्षा झाल्यावर. आणि मामीला रागावू नका. एवढी साधी गोष्ट दोन वर्षांत या दोघांपैकी कुणी तिला विचारली नव्हती. मग तडजोड झाली. परीक्षेपर्यंत मामांकडे, दर शनिवारी भावाची भेट, जूनपासून भावाकडे, आणि दिवाळी-मे महिना मामांकडे.

तोवर मी दुसरं पत्र लिहिलं होतं. त्याआधी त्याच्या खोलीवर जाऊन आलो. त्याने क्लासमधली सकाळची बॅच मागून घेतली होती; साडेचारला घरी असायचा. शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहायच्या, त्या तयार होत्या. खोलीत दुसरी कॉट आली होती. कुकर होता, पण त्याची शिटी बिघडलेली. ती मी नवीन घेऊन दिली. हे सगळं सात ओळींत लिहिलं. वकीलबाईंनी त्यावर पेन्सिल चालवली नाही.

मागच्या दिवाळीत दोघं येऊन गेली. ती आता नोकरी करते. या चित्रपटाचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, मी पाहिलाय, तिला दाखवलेला नाही. ती म्हणाली, का नाही दाखवलास? मी कधीच पाहिलाय. मग काकूवरून दोघांचं भांडण जुंपलं. ती काकूच्या बाजूने होती.

असो. घसा बसलाय, जरा पाणी द्या. प्रश्न असतील तर घेऊ या.